मुक्या माजाचा डॉक्टर

फसवलं ते डॉक्टरांच्याच ऑफिसनं. आधी डॉक्टरांना, आणि त्यांच्या शब्दावर विसंबलेल्या मला.

घोटीच्या गुरांच्या बाजारात आले की डॉक्टर माणसांना नमस्कार करण्याआधी गाईच्या मागे जाऊन उभे राहायचे. शेपूट बाजूला करून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "शेठ, ही वांझ नाही. मुकी आहे."

मी गुरांचा व्यापारी. वांझ म्हणून आलेल्या गाईचा भाव कसा पाडायचा, हे मी उपाशी राहून शिकलोय. "डॉक्टर, हळू बोला. मालक ऐकतोय."

"ऐकू दे की. गाय बिचारी बोलत नाही, मी तरी बोलतो."

असा माणूस तुमच्या धंद्यात आला असता, तर तुम्हीही दातओठ खाल्ले असते.

इगतपुरीच्या पट्ट्यात पावसाची झड लागली की इथल्या डांगी जातीची गाय माजावर येते, पण हंबरत नाही. मालकाला कळत नाही, गाभण राहायची वेळ निघून जाते, आणि गाय वांझ ठरते. हा मुका माज. डॉक्टर नाशिकच्या एका सरकारी केंद्रात त्यावरच संशोधन करत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दिवसभर गोठ्याच्या दारात उभे. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "डॉक्टर, घरी बायको वाट बघती, अन् तुम्ही गाईची?"

"बायको फोन करते हो. गाय करत नाही."

मी त्यांना रुमालाखाली बोटं धरून सौदा करायला शिकवलं. त्यांनी माझी बोटं नीट धरली आणि आकडा मोठ्यानं सांगून टाकला! सगळा बाजार हसला. मी आठवडाभर बोललो नाही.

माझ्याकडे एक डांगी वळू होता. त्याच्या लेकी ऐन झडीतही हंबरून माज दाखवत आणि गाभण राहत. हे लक्षात आलं तेव्हा डॉक्टर चिखलात नाचले. "शेठ, याचं बीज साठवू. आपण गेलो तरी हे राहील." मी फुकट कुणाला काही देत नाही. त्यांना दिलं. वीर्याच्या बारीक कांड्या भरून केंद्रात बर्फाहून कितीतरी गार अशा द्रव नायट्रोजनच्या भांड्यात बुडवल्या; त्या गारठ्यातच बीज जिवंत राहतं. तो नायट्रोजन उडून जातो, म्हणून भांडं वरचेवर भरावं लागतं.

मग गुरांमध्ये लम्पी रोगाची साथ आली. डॉक्टरांना लसीकरणासाठी दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं. जाताना त्यांनी माझ्यासमोर केंद्रात नव्यानं आलेल्या साहेबांना हात जोडले, "भांडं कोरडं पडू देऊ नका." त्याच साथीत माझा वळू गेला. कांड्या आहेत, म्हणून मी रडलो नाही.

डॉक्टर परतले त्या दिवशी मीही केंद्रात गेलो. खोली गारठलेली. साहेब खुशीत म्हणाले, "एसी एक दिवस बंद ठेवला नाही."

"आणि नायट्रोजन?"

"गाडी आली होती, परत पाठवली. खोली गारच होती ना!"

डॉक्टरांनी झाकण काढलं. वाफ आली नाही. एरवी बोट गेलं तर गारठ्यानं कातडी जळते, त्या भांड्यात त्यांनी उघडा हात घातला आणि कांड्यांची मूठ बाहेर काढली. हाताला काही झालं नाही. मी टेबल उलथवायला निघालो, तर मलाच धरून म्हणाले, "राहू द्या, शेठ. मेलेलं आहे."

त्यांनी नोकरी सोडली. नाशिकरोडला राहतात. गेलो तर चहा देतात, गाईचं नाव काढत नाहीत.

साहेबांना बढती मिळाली. चौकशीत लिहिलं, तांत्रिक बिघाड. बिघाड कसला? एसी तर उत्तम चालू होता! त्या साहेबानं डॉक्टरांच्या दारात उभं राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून सांगावं, ते बीज कुणी मारलं. मी बरोबर येतो. कधी येताय, साहेब?