गेटाबाहेर राहिलेले नागोराव

"मांडवी बसले…" एवढं स्पीकरमधून आलं. पुढं नुसतंच धुम्म, धुम्म. आणि मग "…गं."

पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या नागोरावांनी मान वर केली. हे नवरीचे थोरले चुलते. हळदीच्या गाण्यात पहिलं नाव त्यांचंच येणार, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. आलं नाही. दुसरी ओळ मात्र अशी खणखणीत वाजली की चहावाल्यानं कप धरलेला हात थांबवला. "मागं बसले मारोतराव गं!" मारोतराव म्हणजे नवरीचा बाप, नागोरावांच्या पाठचा भाऊ. तिसऱ्या ओळीत धाकटे बालाजीरावही आले. थोरला तेवढा गायब.

नागोराव उठले. खांद्यावरचा टॉवेल झटकला.

"आमचं नाव उंदरानं खाल्लं का?"

मारोतराव धावले. "दादा, बसा हो. मशीनची काहीतरी गडबड हाय. मशीननं खाल्लं आसंल."

"मशीनला माझंच नाव बरं ठाऊक!" हे भावाला नाही, मांडवाच्या खांबाला.

आणि माझ्या शेजारी ढोलकी घेऊन बसलेल्या उस्मानभाईंना नेमकं तेव्हाच सुचलं. माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "क्या खाली छोडी है आपा! दिल खूश हो गया." खाली म्हणजे तालात मुद्दाम मोकळी सोडलेली जागा.

मी म्हटलं, "उस्मानभाई, गप बसा. ती जागा मी सोडली नाही. तिथं माणूस होता."

आता गोष्ट नुसत्या एका नावाची असती तर मी हात जोडून मोकळी झाले असते. पण या दोघा भावांचं विहिरीच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. पुतणीचं लग्न म्हणून नागोराव कसेबसे मांडवात आले होते, आणि त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, नवरीला पहिली हळद लावायची होती. थोरलीनं बोट लावल्याशिवाय बाकीच्यांना लावता येत नाही. हळदीचं ताट गयाबाईंच्या हातात, नवरी पाटावर, आणि नागोराव म्हणतायत, "चल गं, गाडी काढायला सांग." ते एकदा गेले असते तर विहिरीचं भांडण नातवंडांपर्यंत चाललं असतं. आणि कारण काय, तर माझा मोबाईल.

मी नांदेडची. हळदीची गाणी म्हणणं हा माझा धंदा. लोहा, अहमदपूर, लातूरपर्यंत गेले आहे. पेटी मला कुणी शिकवली नाही, मीच वाजवत वाजवत शिकले. मोबाईलही तसाच. बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं, बिघडलं तर पुन्हा दाबायचं. डीजे आला तशी आमची बोलावणी कमी झाली. मग मी म्हटलं, रडत कशाला बसायचं, ह्याच्या पोटात काय आहे ते तरी बघू. एक गाण्याचं ॲप घेतलं. त्यात ढोलकी एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्या, गाणाऱ्या तिसऱ्या. ट्रॅक म्हणजे एकावर एक टाकलेल्या गोधड्या समजा. खालची ओढून काढली तरी वरची तशीच राहते.

या लग्नाचं काम असं आलं. नवरी शीतल लातूरला नर्सिंग करते. तिला मैत्रिणींसोबत नाचायला धुम्मवालं गाणं हवं होतं. तिची आई संगीता म्हणत होती, "ताई, धुम्म काय पाह्यजे ते घाला, पण आवाज घरच्या बायांचा पाह्यजे." मी म्हटलं, दोन्ही करू.

म्हणून आठवडाभर आधी त्यांच्या गावी गेले. लोह्यापासून जवळच. घरात तिघी जावा: थोरल्या गयाबाई, मधली संगीता, धाकटी उषा. भावाभावांचं बोलणं बंद असलं तरी जावांचं दळण-कांडण, हसणं-खिदळणं सगळं चालू होतं. गयाबाई मागच्या दारानं आल्या. खोलीत दोरीवर गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. मोबाईल स्टुलावर ठेवला आणि मी हेडफोन लावले.

पहिली भानगड क्लिकची. क्लिक म्हणजे ॲपमधली टकटक. तिच्यावर गायलं की ताल जागचा हलत नाही. ती ऐकवली तर गयाबाई म्हणाल्या, "हे घड्याळ बंद करा ओ ताई, जीव घाबरा व्हायलाय." बंद केलं. मग तिघी अशा पळत सुटल्या की ते ऐकून उस्मानभाई नंतर म्हणाले, "इनकू बस पकडनी थी क्या?" शेवटी टकटक माझ्या एकटीच्या कानात ठेवली आणि मी संगीताच्या गुडघ्यावर थापा मारत राहिले. गुडघा लाल झाला, पण ताल बसला.

दुसरी भानगड पट्टीची. तिघींच्या तीन पट्ट्या. ॲपमध्ये सूर सरळ करायचं एक बटण आहे. ते घरी येऊन दाबून बघितलं. उषा अशी गायला लागली जशी रेल्वे स्टेशनवर गाडीची सूचना देणारी बाई. म्हटलं, नको. तीन पट्ट्या तर तीन पट्ट्या. हळदीला कोण तंबोरा लावून बसलंय?

गाताना मी एकच सांगितलं होतं, "ताल चुकला तर चालंल, सूर गेला तर चालंल, पण शब्द गाळू नका. शब्द मला मागून घालता येत नाही." तिघींनी माना हलवल्या. हेडफोनमध्ये मला सगळे शब्द ऐकू आले. नागोरावांचं नाव जरा बारीक वाटलं, पण होतं. मग उस्मानभाईंची ढोलकी रेकॉर्ड केली. ॲपमधली तयार ढोलकी त्यांना ऐकवली होती, तर म्हणाले, "इस डब्बी की ढोलकी को पसीना नै आता आपा, ये नक्को." त्यामुळं ढोलकी त्यांची, धुम्म मात्र ॲपचं. गाणं शीतलला पाठवलं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी लोह्याच्या एसटीत बसले आणि शीतलचा मेसेज. "मावशी, मधे मधे कोंबड्या ऐकू येऊन राहिल्या. शेजारची गिरणी पण. रीलमध्ये बरं वाटणार न्हाई." पोरीचं बरोबर होतं. मी तिथंच गेट लावलं.

गेट म्हणजे दारावरचा चौकीदार समजा. तुम्ही त्याला सांगायचं, एवढ्या मोठ्या आवाजाला आत सोड, त्याच्याखालच्याला बाहेर ठेव. बाई गात असली की दार उघडं. ती श्वास घ्यायला थांबली की दार बंद. म्हणजे त्या मधल्या जागेतली कोंबडी, गिरणी, सगळी बाहेर. एसटीत बसून गेट लावलं, मुखडा ऐकला, एकदम काचेसारखा स्वच्छ. पुढचं ऐकणार तेवढ्यात रेंज जायला लागली, म्हणून मांडवातल्या स्पीकरवाल्याला पाठवून दिलं आणि खिडकीतून शेतं बघत बसले.

तर आता मांडवात उभी होते आणि संगीता माझा दंड धरून म्हणत होती, "ताई, काय करून बसलात हे! मी नाव घालू नका म्हटलं का तुम्हाला?"

"नाव आहे गं. मी ऐकलंय कानानं."

"मग गेलं कुठं?"

आणि तिच्या तोंडाकडं बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "संगीता, तू म्हटलंस का ते नाव?"

ती दचकली. "मी कशी म्हणू? थोरले दीर हायेत."

"आणि उषानं?"

"तिचेबी थोरलेच की."

बघा. मारोतरावांचं नाव संगीता घेणार नाही, उषाही घेणार नाही. पण गयाबाईंना ते धाकटे दीर, म्हणून त्यांनी मोकळ्या गळ्यानं घेतलं. बालाजीरावांचं नाव गयाबाई आणि संगीता दोघींनी घेतलं. नागोरावांचं कोण घेणार? दोघींचे थोरले दीर, आणि तिसरीचा नवरा. नवऱ्याचं नाव काय ते उखाण्यात, तेही मागून कुणी ढकललं तर. घरच्या लेकी रेकॉर्डिंगला असत्या तर त्यांनी म्हटलं असतं. परकी म्हणून मी म्हटलं असतं, पण मी थापा मारत होते. मग माझ्या कानात जे बारीक नाव आलं होतं, ते कुणाच्या तोंडचं?

त्या चौकीदाराला काय कळणार? बारीक आवाज आला, त्याला वाटलं कोंबडी. दार लावून घेतलं.

मी स्पीकरवाल्याला म्हटलं, "माझा मोबाईल जोड." नागोराव मांडवाच्या तोंडाशी पोचले होते. मारोतराव चपला न घालताच मागं मागं. मी माईक घेतला. "नागोरावदादा, दोन मिनिटं. गाडीत काय, नंतर बसताच येतं. तुमचं नाव माझ्याकडं आहे. आधी ऐका, मग जा."

ते थांबले, पण तोंड रस्त्याकडंच.

मी ॲप उघडलं. गेट काढून टाकलं. ढोलकी, पेटी, धुम्म सगळं गप्प केलं आणि बायांचा ट्रॅक एकटा सोडला. ह्याला सोलो म्हणतात. बाकीच्यांची तोंडं बंद करून एकाला बोलू द्यायचं. मांडवात असं कधी होत नाही, म्हणून सांगते. आवाज पूर्ण वाढवला.

आधी कोंबडी ओरडली. मग गिरणीची घरघर. मग तिघी, "मांडवी बसले…" आणि दोघी एकदम गप्प. बांगड्या वाजल्या. उषा फिस्सकन हसली. आणि त्या सगळ्याच्या खालून, पदर तोंडाला लावलेला आहे हे ऐकूनच कळावं अशा आवाजात एक बाई म्हणाली, "नागोराव." पुढं लगेच तिघी जोरात, "…गं!"

आणि गाणं संपल्यावर, रेकॉर्डिंग चालूच राहिलेलं, त्यात गयाबाई विचारतायत, "झालं का? ताई म्हणल्या शब्द गाळू नका, म्हणून घेतलं. कुणाला ऐकू नाही ना गेलं?"

ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. तिकडं स्वयंपाकाच्या चुलीपाशी बसलेल्यांनाही ऐकू गेलं. मांडव असा हसला की कापड हललं. गयाबाईंच्या हातातलं हळदीचं ताट कलंडायला आलं. "बंद करा ओ ताई! बंद करा आधी ते!"

नागोराव वळले. मिशी पुसल्यासारखं केलं. हसू येऊ नये म्हणून माणूस करतो तसं.

"काय म्हणली?"

"दादा, तुम्ही ऐकलं की," मी म्हटलं.

"नीट न्हाई ऐकू आलं. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. कोंबडी, गिरणी, बांगड्या, नागोराव. ते चालत परत खुर्चीपाशी आले. मारोतरावांनी खुर्ची पुढं सरकवली. त्यांच्याकडं न बघताच नागोराव बसले आणि म्हणाले, "आमच्या लग्नात हिनं उखाणा घेतला होता म्हणत्यात. बँडबाजात मला ऐकूच आला न्हाई. आता आलं." मग भावाच्या पायांकडं बघून, "मारोती, तू कामून उभा? चपला घाल, पाय भाजतील."

विहिरीनंतर भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. संगीतानं डोळ्याला पदर लावला आणि मला चिमटाही काढला. दोन्ही एकाच वेळी.

गयाबाईंनी नवरीला पहिली हळद लावली. मग ताटातली उरलेली बोटभर घेऊन सरळ नवऱ्यापाशी आल्या आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खिशावर पुसली. "घ्या. हे तुमचं नाव. आता धुऊन काढा."

नंतर शीतलच्या मैत्रिणी नाचल्या त्या कोंबड्यांवाल्या गाण्यावरच. कुणी गेट लावू दिलं नाही. उस्मानभाई प्रत्येक वेळी त्या जागेला ढोलकीवर हात थांबवायचे, आणि सगळा मांडव ओरडायचा, "नागोराव!" मला म्हणतात, "देखो आपा, मैं बोला था ना, खाली अच्छी है."

पुढं काही दिवसांनी नागोरावांचा फोन आला. "ताई, ते गाणं मेमरी कार्डात भरून द्या. ट्रॅक्टरवर लावायचंय." मी म्हटलं, स्वच्छ करून देऊ का, तर म्हणाले, "नको. कोंबडीला हात लावू नका." मागून गयाबाईंचा आवाज आला, "ताई, द्याल तर बघा, इथं भाकरी मिळायची न्हाई ह्यास्नी!" मी कार्ड एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलं. भाकरीचं काय झालं, विचारलं नाही.

गेट मी अजून लावते. चांगली वस्तू आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण ते एसटीत लावत नाही, आणि लावल्यावर शेवटपर्यंत ऐकते. आणि कुणाच्या घरी रेकॉर्डिंगला गेले की पट्टी विचारायच्या आधी, चहा यायच्याही आधी विचारून घेते: या घरात कुणाचं नाव कोण घेत नाही?