'भ'पाशी अडलेला पेंटर

धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात ट्रकवर अक्षरं रंगवणारा पेंटर होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वार्ताहर म्हणून माझी हुशारी एवढीच.

थिनरचा बोळा हुंगायची त्याची सवय जुनी. ती सोडल्यापासून त्याचा हात थरथरे, झोप लागत नसे आणि ओळखीची अक्षरंही मध्येच हरवत. डॉक्टर म्हणाले होते, मेंदू सावरायला वेळ लागेल. मालक तेवढा थांबणार नव्हता. आजचं काम बिघडलं, तर ब्रश जाऊन पत्रा घासणं नशिबी येणार होतं.

'शुभ लाभ' लिहिताना तो 'शु'नंतर अडला.

"थिनर मी सोडं भाऊ, पन डोकं आजून डबामाच शे. भ कसा काढतस?"

बातम्यांबरोबर रोज लोकांची प्रुफंही तपासणारा मी ऐटीत पुढे झालो. खडूने पत्र्यावर ठसठशीत 'म' काढला.

तो बघतच राहिला. "भाऊ, तुम्ही काय हुंगतस?"

हसता हसताच त्याने मनगट डाव्या हातावर टेकलं आणि 'भ' रंगवला. शेपूट किंचित वाकडं आलं. मालकाने येऊन ते निरखून पाहिलं.

"लाभना भ बाकी शे ना? काढ मंग."