एकाचे नऊ

तारीख ११ एप्रिल १९९४. रक्कम रुपये आठ हजार. हजर: व्यवस्थापक, एक संचालक, चुडाव्याच्या दूध सोसायटीचे सचिव, कॉम्प्युटर चालवणारा ऑपरेटर आणि मी, हिशेबनीस. जागा आमच्या दूध संघातली व्यवस्थापकांची केबिन.

सचिव आठ हजार रोख घेऊन आले होते. त्यांच्या सोसायटीचं दहा दिवसांचं बिल ११,२४० रुपयांचं; आमच्याकडून चेक गेला १९,२४० चा. "एवढं दूध आमच्या गावात निघत न्हाई," असं म्हणून त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या. चेक छापील बिलावरून लिहिलेला. छापील बिलात खरंच १९,२४० होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र ११,२४०.

पैसे परत आले होते. विषय तिथंच मिटायला हवा होता. पण ऑपरेटर चुडाव्याचाच होता, आणि तिथल्या बौद्ध वस्तीतला. जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हापासून आमच्या ऑफिसात चहालासुद्धा माणसं दोन वेगळ्या बाकांवर बसायची.

संचालकांनी बिल उलटंपालटं करून पाहिलं. "नाव बदललं तुमी. आता आकडेबी बदलायलेत का?"

दाराबाहेर कुणीतरी हसलं.

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीनमधी बरोबर हाय. छापताना चुकायलंय. मागच्या महिन्यात मी व्यवस्थापक साहेबांना सांगितलं होतं."

"आणि नेमकं तुझ्याच गावाला चुकतंय. लय हुशार मशीन हाय."

मी विचारलं, "मग सचिव पैसे घेऊन कशाला आले असते?"

"बोभाटा व्हायच्या आधी आले," संचालक म्हणाले. सचिव उठून निघून गेले. चहा तसाच राहिला.

व्यवस्थापकांनी ऑपरेटरला त्याच दिवशी कमी केलं. रोजंदारीवरचा माणूस, त्याला काढायला कागद लागत नव्हता. सायकलचं कुलूप काढता काढता तो मला म्हणाला, "परभणीला एका कॉलेजात कॉम्प्युटरवर माणूस घ्यायलेत. मी अर्ज दिलाय. ते इथं विचारतील, साहेब. इथून काय सांगतील?"



आता ज्यावर ते बिल छापलं त्या प्रिंटरबद्दल. आमच्याकडे कॉम्प्युटर दोन होते, एक बिलांचा, एक माझ्या हिशेबाचा, आणि प्रिंटर एकच. मध्ये एक पेटी होती, तिला फिरवायची कळ. कळ एका बाजूला केली की ऑपरेटरचं छापायचं, दुसऱ्या बाजूला केली की माझं. सुरुवातीला प्रिंटर आमच्या दोघांच्या मध्ये होता आणि वर्षभर एक अक्षर चुकलं नाही. मग व्यवस्थापकांनी तो स्वतःच्या केबिनमध्ये नेला. कारण कूलर तिथंच होता, असं सांगितलं गेलं. खरं म्हणजे आलेल्या पाहुण्यांना ते तो चालताना दाखवत. वायर पुरेना, म्हणून व्यवस्थापकांच्या मेव्हण्यानं दोन वायरी जोडून लांबवल्या. परभणीत त्याचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. जोड केबिनच्या दारात, सतरंजीखाली आला.

ऑपरेटर गेल्यावर बिलं माझ्याच गळ्यात पडली. चुका होत होत्या. एकदा छपाई मध्येच थांबली, एकदा आकड्यांमध्ये प्रश्नचिन्हं आली. मी रिबन बदलली, कागद नव्यानं बसवला, कळ दोन्हीकडे फिरवून पाहिली. चूक दोन्ही कॉम्प्युटरांवरून येत होती, म्हणजे ती माणसाची नव्हती. माझ्या एका व्हाउचरवर सन ९९९४ छापून आलं. इंग्रजीत छापलेल्या गावांच्या यादीत पाथरीच्या पी चा एक्स झाला होता. असला एक्स मार्चमध्येही आला होता आणि तेव्हा सगळं ऑफिस हसलं होतं, संचालकसुद्धा. नावात चूक झाली तेव्हा ती गंमत होती.

मी चुका एकाखाली एक मांडल्या. एकाचे नऊ. शून्याचे आठ. पी हे सोळावं अक्षर, एक्स चोविसावं. ए चा आय झालेला, पहिल्याचं नववं. प्रश्नचिन्हं सोडली, तर प्रत्येक चूक बरोबर आठानं पुढं गेलेली, मागं एकदाही नाही. पैसे खाणारा माणूस आकडा वाढवील. पाथरीचं स्पेलिंग बिघडवून त्याला काय मिळणार होतं?

मग मी कागदभर नुसते एक छापायला लावले आणि शिपाईमामांना केबिनच्या दारातून ये-जा करायला सांगितलं. त्यांचा पाय सतरंजीच्या त्या फुगवट्यावर पडला की एकाचे नऊ व्हायचे. पाय उचलला की पुन्हा एक. वायरीतल्या अनेक तारांपैकी आठाचा आकडा नेणारी एक तार त्या जोडात सैल होती.

"म्हणजे चोर मीच की," मामा म्हणाले आणि चप्पल काढून बाजूला उभे राहिले.

ते कागद आणि एक टिपण मी व्यवस्थापकांपुढं ठेवलं. त्यांनी सगळं नीट वाचलं. "वायर बदलून घ्या," म्हणाले.

"आणि ऑपरेटर?"

"ते झालं आता. पुन्हा विषय काढला तर मीटिंगमध्ये विचारतील, प्रिंटर आत कुणी नेला म्हणून."

"त्याच्यावर चोरीचा आळ आहे, साहेब."

"लेखी कुठं आहे?" टिपण ड्रॉवरमध्ये गेलं.

एवढं मात्र खरं होतं. लेखी कुठंच नव्हतं. म्हणून ते खोडताही येत नव्हतं. नाव आणि आकडे बदलण्याचं संचालकांचं ते वाक्य तोवर पेडगावपर्यंत गेलं होतं. तिथला एक दूधवाला मला हसत हसत ऐकवून गेला.

मेच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेटर मजुरी न्यायला आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "पैशाचं राहू द्या साहेब. चूक वायरची होती, एवढी एक ओळ संघाच्या कागदावर लिहून द्या."

मी आत जाऊन विचारलं. व्यवस्थापकांनी नकारार्थी मान हलवली. संचालक तिथंच बसले होते. म्हणाले, "पैसे द्या की त्याला. कोण नको म्हणतंय?"

मग मी साध्या कागदावर ती ओळ लिहिली आणि खाली माझी सही केली. तो ती घेऊन कॉलेजात गेला. कॉलेजनं विचारलं, शिक्का कुठं आहे? ती जागा दुसऱ्याला मिळाली.

प्रिंटर आजही केबिनमध्येच आहे. नवी वायर आणि जोडणीचे रुपये १,३५० मेअखेर दिले, व्यवस्थापकांच्या मेव्हण्याला. ऑपरेटरला दिले नऊ दिवसांच्या मजुरीचे तीनशे साठ. चाळीस रुपये रोजानं.