मागून नेलेलं लागत नाही

ताई मंगळवारी गेली. सकाळी तिने चहा घेतला, दुपारी तिला दवाखान्यात नेलं, संध्याकाळी लोक अमरधामहून परतले. कुणीतरी मला खुर्चीत बसवलं. खुर्चीसमोर गॅलरीचं दार होतं आणि दारात तिचं ब्रोमेलियाचं झाड. मी त्याच्याकडे पाहत बसले.

आजही तशीच बसले आहे. मधे उन्हाळा गेला, पावसाळा गेला, सावेडीतल्या आमच्या रस्त्यावर नवी इमारत उभी राहिली. लोक विचारतात, कशी आहेस? मी बरी आहे म्हणते आणि ते खोटं नसतं. काही दुखत नाही. दात काढून आल्यावर गालाला हात लावावा आणि तो गाल दुसऱ्याच कुणाचा वाटावा, तसे हे दिवस.

हे झाड अननसाच्या कुळातलं. पानांचा पेला असतो, पाणी त्या पेल्यात घालायचं. मधोमध लाल तुरा येतो, महिनोन्‌महिने टिकतो. पण आयुष्यात एकदाच. मग झाड सावकाश वाळत जातं आणि जाता जाता बुडाशी पिल्लं धरतं. पिल्लं आईच्या निम्म्याएवढी वाढली की वेगळी घालायची, असं ताई म्हणायची. गावाकडे हा शब्द भावांसाठी वापरतात. धाकट्याचं लग्न झालं, थोरल्याला वेगळं घातलं, एका चुलीच्या दोन चुली झाल्या. आमची चूल मात्र एकच राहिली. दोघींनी लग्नं केली नाहीत, दोघी शाळेत शिकवत राहिलो. ती झाडांत रमली, मी पुस्तकांत. आम्हाला वेगळं घालायला कुणाला कारणच सापडलं नाही.

हे रोप ताईने राहुरीहून आणलं होतं, चोरून. विकतचं झाड पाहुण्यासारखं राहतं आणि मागून नेलेलं लागत नाही, अशी तिची श्रद्धा. वर्गात ती विज्ञान शिकवायची, पण रोपांच्या बाबतीत तिचं विज्ञान दाराबाहेर चपलांजवळ थांबायचं. मैत्रिणीच्या ओसरीवरून ते पिल्लू तिने जेवणाच्या डब्यात घालून आणलं, आणि मैत्रिणीने ते पाहूनही पाहिलं नाही. चोरीलाही अशी रीत असते.

यंदा तुरा वाळला. बुडाशी तीन पिल्लं दाटली. पेल्यातल्या पाण्याला वास येऊ लागला. सुरी मी आणली आणि परत ठेवली. पुन्हा आणली, पुन्हा ठेवली. अशीच राहिली तर पिल्लं आईबरोबर कुजतील, हे कळत होतं. पण ताईच्या हातचं अखंड असं हेच उरलं होतं. त्याला मी सुरी कशी लावायची?

परवा समोरच्या वहिनी आल्या. मूळच्या राजूरकडच्या, ताईच्या जिवाभावाच्या. कुंडीपाशी वाकल्या.

"काय ओ बाई, लेकरं गुदमरून गेली की! वेगळी घाला."

"मला जमत नाही."

"मग मला लई दिवसांचं पायजेल हाय एक."

"न्या ना."

"आता गं बया! न्या म्हणून कशाला सांगता? इतकी वर्षं ताईंसंगं राहून हेच शिकलात व्हय? दिलेलं लागत न्हाई. तुमी आत जा, चहा ठेवा. आन् साखर हात सोडून घाला, चोराला बी गोड लागतं."

मी आत गेले. गॅस पेटवला. बाहेरून करकर आवाज आला, मग फरशीवर माती सांडल्याचा. मला वाटलं होतं, त्या आवाजासरशी माझ्यातही काही तुटेल. काही तुटलं नाही. मी आलं किसत राहिले.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा वहिनींचा पदर एका बाजूला फुगला होता. विचारायचं नसतं, मी विचारलं नाही. "साखर कमीच पडली," म्हणत त्यांनी कप संपवला आणि पदर सावरत त्या गेल्या.

मग मी सुरी घेतली. एक निघाल्यामुळे कुंडीत जागा झाली होती. दुसरं पिल्लू आपल्या चार मुळांसकट सहज हाती आलं.

आता एक पिल्लू वहिनींच्या खिडकीत आहे, एक नव्या कुंडीत, एक अजून आईच्या बुडाशी. जुनं झाड मी काढलेलं नाही. वरची पानं वाळली आहेत. खालची अजून हिरवी आहेत.