हातात चकलीचं ताट घेतलेली माझी लेक

दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात माझं काम एकच, दुसऱ्यांची काँट्रॅक्ट्स वाचायची आणि त्यातली खोट काढायची. मॅडमकडे फाइल गेली म्हणजे खलास, असं व्हेंडर लोक म्हणतात आणि मला ते आवडतं. तीच मी, करामा भागातल्या एका फरसाणच्या दुकानात चहा पिता पिता माझी पंधरा वर्षांची मुलगी दुकानदाराच्या हवाली करून आले. कागद नाही, ईमेल नाही, काही नाही. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

मुलगी बॅडमिंटन खेळते. शाळेकडून दोन स्पर्धा जिंकली तेव्हा दुकानदार काकांनीच विषय काढला. आमच्या मराठी मंडळातले, वयाने मोठे, गणपतीचा प्रसाद त्यांच्याकडूनच येतो. सीझनभर तिचे शूज आणि कोर्टाची फी ते भरणार, बदल्यात दुकानासाठी तिचा एक फोटो. नवऱ्याने विचारलं, लिहून घेतलंस का? मी त्याच्यावरच खेकसले. आपल्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं!

त्या एका फोटोचा तिच्याएवढा उंच पुठ्ठ्याचा कटआउट झाला. एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात चकलीचं ताट. कोचने तिचं तळलेलं बंद केलं होतं, घरात चकली आली की ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. मग दर शुक्रवारी शाळा लवकर सुटली की दुकानात व्हिडिओ सुरू झाले. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला दोन तास. ती कुरकुरली तेव्हा मीच तिला गप्प केलं. काका आहेत, नाही म्हणणं बरं दिसतं का?

पुढे काकांनी दुकानात मिठाईचा नवीन काउंटर सुरू केला. नेमका ज्या शनिवारी अकरा वाजता तिची सेमीफायनल होती, त्याच सकाळी. जिंकली असती तर सीनियर टीमच्या ट्रेनिंगला घेणार होते, वर्षभर ती त्यासाठी पहाटे पाचला उठत होती. काकांचा फोन आला, नऊला या, तिच्या हस्ते फीत कापू, अर्ध्या तासात सोडतो. मी हो म्हणाले. काय नडलं होतं मला!

अर्धा तास कसला! खेळाच्या कपड्यांत तिला गिऱ्हाइकांना चिवड्याची पाकिटं वाटायला उभं केलं. दहा वाजले, सव्वादहा झाले. ती माझ्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे, आणि काका म्हणत होते, यल्ला, चला चला, अजून एक सेल्फी. निघालो तर आमच्या गाडीमागे कुणीतरी गाडी लावून गेलेलं. हॉलवर पोचलो तोवर तिचं नाव पुकारून झालं होतं आणि समोरच्या मुलीला वॉकओव्हर मिळाला होता. एकही रॅली न खेळता माझी लेक हरली.

आठवड्याने दुकानात गेले तर कटआउट गायब. काका अगदी शांतपणे म्हणाले, “ताई, बिझनेसला जिंकणारा चेहरा लागतो. आणि खरं सांगू? तिच्यामुळे एक गिऱ्हाईक वाढलं नाही.”

दुसरं वाक्य खरं होतं, याचाच जास्त संताप आला. वाढणार कसं? चकली खमंग असेल तर माणसं घेतात, पोरीचा फोटो बघून कोण घेतं? हे वीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला कळू नये? मॉडेल हवी होती तर मॉडेल आणायची. खेळाडूला मदत करायची होती तर तिला खेळू द्यायचं. हा गृहस्थ तिची एक मॅच बघायला आला नव्हता! हे सगळं मी तिथे बोलायला हवं होतं. मी हसले, आणि वर त्यांनी पुढे केलेलं चिवड्याचं पाकीट घेऊन घरी आले.

लेक प्रॅक्टिसला निघाली होती. काकांचे शूज कपाटात टाकून तिने जुने काढले होते. पाकीट बघून ती इंग्रजीतच म्हणाली की ऑफिसात तू सगळ्यांना नाही म्हणतेस, मग काकांना ‘नाही’ का म्हटलं नाहीस?

“अगं, आपली माणसं आहेत ती,” मी म्हणाले.

तिने बुटाची नाडी ओढून बांधली. एरवी मला इंग्रजीत उत्तर देणारी पोर मराठीत म्हणाली, “मग मी कोण?”