चिनी नटीचं रडणं

निजामाच्या अमलात कळंबला तंबूतला सिनेमा आला, तेव्हा मी मावशीकडं राहायला होते. चित्र मुकं आणि चिनी! बायकांना पडद्यामागं बसवायचे, म्हणून आम्ही सगळं उलटंच पाहिलं. गोष्ट सांगायला एक माणूस उभा असे. धोब्याची पोर केवढी मोठी नटी झाली, आणि हुकमी रडते म्हणून लोक तिची खरी आसवंही कशी खोटी मानू लागले, हे त्यानं रंगवून सांगितलं. सर्वांत जास्त हळहळली मावशीची सासू.

दुसऱ्या दिवशी शेंगा फोडता फोडता मावशीनं त्या नटीची नक्कल केली. पदर चावला, मान टाकली, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं. शेजारणी हुंदके देऊ लागल्या, मी टाळ्या पिटल्या!

सासू म्हणाली, "म्हंजी पोरगं गेलं तवाबी हेच सोंग केलतंस व्हय गं?"

मावशीचं तान्हं बाळ आदल्याच वर्षी गेलं होतं.

पुढं ती त्या घरात रडलीच नाही. तिची आई, म्हणजे माझी आजी, वारल्याचा निरोप आला तेव्हाही ती भाकरी थापत राहिली. सासूनं शेजारणींना बोलावून दाखवलं, "बघा की, आई मेली तरी डोळ्याला पाणी न्हाय!"