जिन्यातल्या भिंतीचा साचा

आमचे भाऊजी पडकी घरं करायचे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. हौस म्हणून नव्हे, तोच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून, फासे टाकून लढाया खेळणारे लोक असतात. त्या सैनिकांना दबा धरायला टेकड्या लागतात, झाडं लागतात आणि सगळ्यांत जास्त लागतात त्या ढासळलेल्या भिंती. धडधाकट घराला या खेळात गिऱ्हाईक नाही.

सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. "बोटांत एवढी कला आहे तर एखादं धड घर कर की रे," त्या म्हणायच्या. "मेलं सगळं मोडकंच काय करतोस?" भाऊजी मान खाली घालून हसायचे आणि पुढची भिंत फोडायला घ्यायचे.

त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचे. लिफ्टचं दार लागलं की त्यांचा चेहरा पांढराफटक. लग्न केलं नाही तेही घाबरूनच, असं आमचे हे म्हणायचे. मीही काही कमी नव्हते. पाल पडली तरी भूकंप झाला म्हणून पळतील, अशी त्यांची नक्कल करून मी चारचौघांना हसवायची. भाऊजी स्वतःही हसायचे. घरातल्या भित्र्या माणसाला दुसरं काय करता येतं?

कामाला बसले की मात्र हात ठाम. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. फोमचा ठोकळा ते गरम तारेनं लोण्यासारखा कापायचे, त्यावर चुरगळलेल्या चांदीच्या कागदाचा गोळा दाबून फिरवायचे, की दगडाचा खरबरीतपणा उमटायचा. मग गोंद, मग हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, की झालं गवत. भेगा मात्र ते हातानं कोरत नसत. "माणूस उगाच नागमोडी काढतो, वहिनी," ते म्हणायचे. "खरी भेग आळशी असते. भिंत जिथं कच्ची, तिथूनच जाते."

म्हणून खऱ्या भेगेचा साचा घ्यायचे, आणि तोही आमच्याच जिन्यातल्या भिंतीवरून. जिन्याच्या मध्यावर, एका उखडलेल्या खुंटीच्या भोकाखाली, केसाएवढी एक भेग होती. तिच्यावर ते पातळ रबर फासायचे, वाळलं की सोलून काढायचे आणि त्या साच्यात प्लास्टर ओतायचे. आमची केसाएवढी भेग सैनिकांच्या मापानं भलंमोठं भगदाड व्हायची. कुठल्या कुठल्या गावांतल्या टेबलांवर आमच्या जिन्याची भेग जाऊन पोचली होती.

घर जुनं, दुमजली. खाली दुकान होतं, ते बंद पडलेलं. वर आम्ही चौघं. त्या वर्षी सासूबाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना अजिबात हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. त्यांचा पलंग मागच्या खोलीत, जिन्याच्या भिंतीला लागून. आणि नेमकं तेव्हाच त्याच भिंतीपलीकडच्या रिकाम्या जागेत पाया खणायला यंत्र आलं. दिवसभर धाड धाड. कपाटातले पेले किणकिणायचे.

एक दिवस भाऊजी दोन साचे घेऊन स्वयंपाकघरात आले. जुना फाटला म्हणून त्यांनी त्याच जागेचा नवा घेतला होता. साच्यात भेग उलटी येते, खाच नसते, उंचवटा असतो. जुन्या साच्यावरचा उंचवटा दोऱ्याएवढा होता. नव्यावरचा काडेपेटीतल्या काडीएवढा.

"जागा तीच आहे कशावरून?" मी विचारलं.

"खुंटीचं भोक दोन्हींत आहे." त्यांनी दोन्हींवरचा गोल उंचवटा बोटानं दाखवला.

मी दोन्ही साचे शेजारी धरून पाहिले, फरक खराच होता. पण भाऊजींची भीती ती, तिला किती भाव द्यायचा? संध्याकाळी त्यांनी भावाला साचे दाखवले, तर हे खो खो हसत सुटले. "कुत्री झाली, लिफ्ट झाली, आता भिंतीलाही घाबरायला लागलास?" तरी बोलावतो मिस्त्रीला, असं म्हणाले.

मिस्त्री यायला बरेच दिवस लागले. तोवर भाऊजी जिना उतरताना भिंतीकडे तोंडच करेनात. कठडा घट्ट धरून, डोळे मिटून उतरायचे. मग एकाएकी ते थांबलं. सरळ चालायला लागले, जेवायला लागले. मला वाटलं, गेली एकदाची भीती.

अखेर मिस्त्री आला. बॅटरी मारून त्यानं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली, हात फिरवला. "कुठंय भेग?" मीही पाहिलं. खुंटीचं भोक होतं, ओलीचे डाग होते, वर्षानुवर्षांच्या हातांचा मळ होता. भेग नव्हती. आमच्या यांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली, "बघ, तुझ्या धाकानं पळाली!" आम्ही सगळे हसलो. भाऊजी मात्र नखांत अडकलेला रंग काढत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. दुपार होती, हे कामावर गेलेले. मी सासूबाईंचे केस विंचरत होते. भाऊजी दारात आले आणि त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर प्लास्टरचा एक टवका होता. एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं आमच्या भिंतीच्या रंगाचा, ओलीच्या डागासकट.

"ही भिंत नाही, वहिनी. हे माझं काम आहे."

मला कळेना.

"बघवत नव्हतं, म्हणून मी ती भेग भरली. रंगवली. मिस्त्री आला तेव्हा सांगणार होतो, पण तो भेग नाहीच म्हणाला आणि मला इतकं बरं वाटलं..." त्यांनी टवका माझ्या हातात ठेवला. "आता ते तडकून पडलंय."

मी जिन्यात गेले. भेगेत बोट घातलं, ते सहज आत गेलं. बोटाला गार वारा लागला. घराच्या आत उभी होते मी, आणि भिंतीतून बाहेरचा वारा येत होता.

यांना फोन केला. "आईला हात लावू नका, मी निघालोच," हे ओरडले. बरोबरच होतं. हलवलं आणि हाड सरकलं तर म्हातारी जन्माची अंथरुणाला खिळायची. नाही हलवलं तर? येताना लोटून घेतलेलं मागच्या खोलीचं दार मी ढकललं. सकाळी सहज उघडणारं दार फरशीला घासून अर्ध्यावर अडलं. चौकट तिरकी झाली होती. तिथं माझं ठरलं.

"भाऊजी, न्यायचं कशावरून?"

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. स्पर्धेसाठी केलेलं अख्खं शहर तिथं तयार होतं, दुसऱ्या दिवशी खेळवाले न्यायला येणार होते. कित्येक महिने त्यातच गेले होते. खाली जाड फळी, माणूस आडवा मावेल एवढी, उचलायला चारी कोपऱ्यांना मुठी. भाऊजींनी पुट्टीची पट्टी घेतली आणि एका टोकापासून शहर खरवडायला लागले. बुरूज, पूल, झाडं, सगळं कराकरा जमिनीवर. थांबले नाहीत, की एकदा हळहळले नाहीत.

खांद्यानं दार पुरतं रेटून फळी पलंगाशी आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अरे, आता तर पार सपाटच केलंस!" मग आम्ही त्यांना चादरीसकट उचललं, आणि त्या अशा कळवळल्या की ते मला अजून ऐकू येतं.

जिना अरुंद. भाऊजी खालच्या बाजूला, उलटे उतरत, सगळा भार त्यांच्यावर. मी वरून. शेजारी ती भिंत, आणि तिच्यातून भुरूभुरू माती गळत होती. बाहेर यंत्राची धाड झाली की ती जास्त गळायची. मला रडू येत होतं, हात घामानं सुटत होते. भाऊजींनी या खेपेला डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणत राहिले, "या वहिनी. या. अजून एक पायरी."

रस्त्यापलीकडे फळी टेकवली आणि काहीच झालं नाही. घर आपलं उभं. येणारेजाणारे थबकून बघायला लागले. तेवढ्यात हे आले. आईला उघड्यावर बघून यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अक्कल गहाण टाकलीत का दोघांनी? मिस्त्री काय म्हणाला होता? वरून गादी तरी आणतो." आणि दाराकडे निघाले.

भाऊजी धावत जाऊन दारात हात पसरून उभे राहिले. "दादा, नाही."

"बाजूला हो."

"मार मला. पण वर जायचं नाही."

यांनी त्यांची कॉलर धरली. तेवढ्यात वरून आवाज आला, कुणीतरी जड पेटी फरफटत नेतंय तसा. भाऊजींनी भावाला मिठी मारली आणि तसेच दोघं रस्त्यात पडले. मागोमाग जिना गेला.

धूळ बसायला खूप वेळ लागला. कोपरा निखळला होता. मागची खोली उघडी पडली होती, पलंग एका पायावर कलला होता, खिडकीत मी ठेवलेला कंगवा तसाच होता. असलं घर आम्ही शेकड्यांनी पाहिलं होतं. आमच्याच टेबलावर.

हे मटकन खाली बसले. भाऊजी आईपाशी गुडघ्यांवर आले. म्हातारीच्या केसांत हिरवा भुसा अडकला होता, चादरीला एका बुरुजाचा तुकडा चिकटला होता. त्यांनी उघड्या पडलेल्या खोलीकडे पाहिलं. मग लहान मुलाला विचारावं तसं हळूच विचारलं, "हे तू नाही ना रे केलंस?"

"नाही, आई," भाऊजी म्हणाले. "मी ते फक्त कुणाला दिसू दिलं नाही."